पाण्याला परत दिलेली गाभोळी

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत आटपाडी तालुक्यातील एका धनगर गृहस्थाने माशाच्या पोटातील अंड्यांविषयी बाळगलेला नियम, त्या नियमापायी त्याच्या घरी उभा राहिलेला पेच, आणि त्या पेचाची झालेली गोड उकल, या बाबी यथाक्रम निवेदन केल्या जातील. या कथेत युद्ध नाही, खून नाही, राजा-राणी नाही. एक तलाव आहे, एक गळ आहे, एक गरोदर सून आहे आणि तीन दगडांच्या चुलीवर एक तवा आहे. एवढ्या सामग्रीवर कथा उभी राहते किंवा कसे, याचा निवाडा शेवटी वाचकांनीच करावयाचा आहे.

हिंगणवाडीचे भाऊसो मोटे यांचा जन्म मेंढरांत झाला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांच्या मातोश्री दिवाळीनंतर कळपामागून कृष्णाकाठाकडे निघाल्या असता वाटेतच एका लिंबाखाली त्यांना कळा सुरू झाल्या, आणि जगात येताच बाळास जे पहिले वस्त्र मिळाले ते घोंगडे होते. पुढे आयुष्यभर ते घोंगडे भाऊसोंच्या खांद्यावरून उतरले नाही. परंतु साठी ओलांडल्यावर गुडघ्यांनी असहकार पुकारला. माळ तुडवणे अशक्य झाले. कळप पुतण्याच्या हवाली करून, दूधदुभत्यापुरत्या दोन शेळ्या आणि मायेपोटी तीनचार मेंढ्या दारात ठेवून, भाऊसो घरी बसले.

योगायोग असा की, ज्या सुमारास भाऊसोंचे पाय थांबले त्याच सुमारास त्या मुलखात पाणी चालू लागले. ज्या तलावाच्या तळाशी पोरे क्रिकेट खेळत आणि करडे उड्या मारीत, त्या हिंगणवाडीच्या तलावात कालव्याने कृष्णेचे पाणी आले आणि उन्हाळ्यातही राहिले. पाण्यामागोमाग मासे आले. ज्या लोकांनी आजवर मासा पाहिला तो आठवडी बाजारात, सुकवलेला आणि वाकडा झालेला, त्यांच्या उंबऱ्याखाली आता जिवंत रोहू शेपटी आपटू लागला.

बसल्या जागी करता येण्याजोगा उद्योग म्हणून भाऊसोंनी गळ हाती घेतला आणि त्यात ते रमले. पाण्यात अर्धवट बुडालेल्या एका बाभळीशेजारी त्यांनी आपली जागा मुक्रर केली. मेंढरे राखणाऱ्या माणसाला वाट पाहण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. तलावाचा ठेकेदारही म्हाताऱ्याच्या एका गळाकडे काणाडोळा करी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मेंढपाळाच्या घरी एक नियम पिढ्यानपिढ्या चालत आलेला असतो, तो असा की गाभण जनावरावर सुरी चालवावयाची नाही. खाटीक दारात आला की भाऊसो प्रत्येक मेंढीच्या पोटाखाली स्वतः हात घालून पाहत आणि जरा शंका आली तरी, "ही न्हाई. हिच्यात दुसरा जीव हाय," असे म्हणून तिला मागे ओढीत. मासे धरू लागल्यावर हाच नियम त्यांनी माशांसही लागू केला. परंतु येथे एक अडचण उत्पन्न झाली. पाण्यातल्या माशाच्या पोटाखाली हात घालून पाहणार कसे? मासा वर येई, चिरला जाई, आणि मगच कळे की आत अंडी होती.

तेव्हा भाऊसोंनी स्वतःच्या बुद्धीने एक प्रायश्चित्त शोधून काढले. माशाच्या पोटातून निघालेली अंडी ते रुईच्या पानावर ठेवीत, त्यावर बिरोबाचा चिमूटभर भंडारा टाकीत, आणि बाभळीजवळ पाण्यात सोडून म्हणत, "तुझं तुला." आई गेली तरी पोरे पाण्यात वाढतील, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मेंढी व्याल्यावर दगावली तर कोकरू ते बाटलीने दूध पाजून जगवीत. येथे पाणी हीच बाटली.

आणि पाण्याने त्यांचे हे पुण्य ठेवून घेतले नाही! ज्या जागी ते अंडी सोडीत त्या जागी त्यांचा गळ सहसा रिकामा येत नसे. शेजारी कोणी दिवसभर बसून दोन बोटांएवढी चिलापी घेऊन जाई, तेव्हा भाऊसोंच्या पाटीत मासे दाटीवाटीने निजलेले असत. वाडीत बोलवा झाली की, "भाऊसोच्या गळाला बिरोबा सोता मासा लावून देतो." भाऊसो मान खाली घालून हसत, परंतु मनातून सुखावत, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

असे सुरळीत चालले असता, ज्येष्ठाच्या तोंडावर पेच उभा राहिला.

भाऊसोंचा मुलगा रविराज हा तमिळनाडूत सोने गाळण्याच्या दुकानात काम करी, आणि त्याची पत्नी अपेक्षा पहिलटकरीण असून तिला सातवा महिना लागला होता. रविराज फोनवर रोज एकच वाक्य बोले, "आबा, तिला काय कमी पडू देऊ नगा." आणि भाऊसो रोज एकच उत्तर देत, "तू सोनं गाळ बाबा, हितलं मी बघतो."

परंतु बघायचे तरी काय? अपेक्षाच्या पोटात अन्न ठरेना. सासूबाई रंगुबाईंनी चिंच दिली, कैरी दिली, मटणाचा पातळ रस्सा दिला, कारळ्याची चटणी दिली. मुलगी शहाणी, प्रत्येक घास तोंडात घेई आणि थोड्या वेळाने गोठ्यामागे जाऊन ओकून येई. तोंडावरचे तेज उतरले. तिचे माहेर भिलवडीजवळ कृष्णेच्या काठी. तिचे आजोबा उसाच्या रानात मेंढरे बसवायला म्हणून गेले ते तिकडचेच झाले. ती लहानाची मोठी नदीच्या पाण्यावर झालेली होती.

एके दिवशी भाऊसो अंगणातील दगडावर रोहू साफ करीत होते. पोट चिरताच आतून अंड्यांच्या दोन लांबट पिशव्या निघाल्या, कोवळ्या कणसाएवढ्या, पिवळ्याजर्द, पातळ पडद्यात गुंडाळलेल्या. खरकटे पाणी टाकावयास अपेक्षा बाहेर आली आणि बादली हातात धरून तशीच उभी राहिली. तिचा घसा हलला.

"मामा, त्ये... टाकणार व्हय?"

"टाकतोय कुठं पोरी? पाण्याचं पाण्याला देतोय."

"व्हय," असे म्हणून ती आत गेली. बादली मात्र भरलेलीच परत घेऊन गेली.

भाऊसोंना त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु रंगुबाई दारात उभ्या होत्या, आणि बाईमाणसाला बादलीवरून बरेच काही कळते. त्यांनी सुनेला जवळ बसवून खोदून खोदून विचारले, तेव्हा ती कशीबशी म्हणाली, "आमची आय उन्हाळ्यात गाभोळी करायची, आत्या. कांदा-लसणाच्या चटणीत परतून. त्येचा वास सारखा नाकात येतोय. पर आपल्यात चालत न्हाई, मला ठावं हाय. ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी भाऊसो तलावावरून परतले तोच रंगुबाईंनी त्यांना पाणी द्यायच्या आधी बातमी दिली.

"आवं, पोरीला डोहाळं लागल्यात."

"मग पुरवू की! काय पायजे तिला? बर्फी? आइस्क्रीम?"

"माशाची अंडी."

भाऊसोंनी तांब्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "रंगे, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? पोटुशीनं दुसऱ्याचा गाभ खायाचा? आगं, मेंढरूबी असलं करत न्हाई!"

"मेंढरू मासंबी खात न्हाई. तुमी खाताय न्हवं?"

"त्ये येगळं."

"काय येगळं? आय खाल्ली तर चालतीय, अंडी खाल्ली की पाप व्हय?" रंगुबाईंनी तांब्या त्यांच्यापुढे आदळला. "डोहाळा मोडला की ल्येकराच्या तोंडातनं लाळ गळती. मग माझ्या पदराला न्हाई पुसायची मी. तुमच्या घोंगड्याला पुसीन. सांगून ठेवते."

वाचकहो, येथे भाऊसोंच्या मनाची स्थिती लक्षात घ्यावी. एका बाजूस वाडवडिलांचा नियम, दुसऱ्या बाजूस वाडवडिलांचीच समजूत, की डोहाळा अपुरा राहू देऊ नये. दोन्ही बाजूंनी पूर्वजच उभे. माणूस दोन वाघांच्या मध्ये सापडला तर पळू तरी शकतो, परंतु दोन पूर्वजांच्या मध्ये सापडलेल्याने काय करावे?

भाऊसोंनी मधला मार्ग काढून पाहिला. ते आटपाडीस जाऊन डाळिंबे, बर्फी, पाव आणि एक भलेमोठे कलिंगड घेऊन आले. अपेक्षाने त्यांच्या समाधानासाठी सगळ्यातले थोडे थोडे खाल्ले. कलिंगड शेळ्यांना आवडले. कोंबडीची अंडी उकडून पुढे ठेवली, तर तिने हसून, "लय चांगली हायती, मामा," असे म्हटले आणि गोठ्यामागे गेली.

"तहान लागल्यावर घोंगडं पांघरलं म्हणून भागतीय व्हय?" रंगुबाई चुलीपाशी बसून भिंतीला उद्देशून म्हणाल्या. भिंतीने उत्तर दिले नाही. भाऊसो उठून शेळ्यांपुढच्या साली गोळा करू लागले.

अशातच अपेक्षाचे वडील गुंडा बंडगर हे लेकीस पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यावयास आले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने निघावयाचे ठरले. म्हणजे पेचाला आता मुदत पडली. माहेरी गेल्यावर आई तिला हवे ते करून घालील, यात शंका नव्हती. परंतु तोच तर काटा होता. डोहाळा सासरच्या उंबऱ्याआत पुरवावयाचा असतो. आपल्या दारातून सून उपाशी इच्छेने गेली आणि कृष्णाकाठी जाऊन तृप्त झाली, हा बोल भाऊसोंना जन्मभर पुरला असता. रविराजला दिलेला शब्द तर होताच.

गुंडा बंडगर हा गृहस्थ मोठा बोलका. पिशवीतून केळीचा घड आणि गुळाची ढेप निघाली आणि सर्वांत शेवटी निघाला गळ.

"इवाई, तुमच्या दुष्काळात मासं आल्याचं आयकलं," ते म्हणाले. "म्हटलं, आमच्या कृष्णेचं पाणी तुमी पळवलंय, तर आमचं मासं तरी परत न्यावं!"

"न्या की! पर आमच्या तलावातलं मासं परक्याच्या गळाला लागत न्हाईत," भाऊसो म्हणाले. इतक्या दिवसांनी त्यांस प्रथमच हसू आले.

सायंकाळी दोघे व्याही बाभळीपाशी जाऊन बसले. भाऊसोंचा गळ पाण्यात पडून थोडा वेळ होतो न होतो तोच दोरी ताणली आणि चांगला हातभर रोहू वर आला. भाऊसोंनी तो तेथेच दगडावर साफ केला. आत अंडी होती, तो मोसमच अंड्यांचा. भाऊसोंनी रुईचे पान तोडले, अंडी त्यावर ठेवली, कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला आणि डोळे मिटून म्हणाले, "तुझं तुला."

पान पाण्यात सोडले गेले. गुंडा बंडगर टक लावून बघत होते.

"इवाई, ह्ये रोज करता?"

"अंडी निघाली की करतो."

"ह्याच जागी?"

"हितंच."

"आन् मासंबी हितंच गावत्यात?"

"बिरोबाची किरपा."

गुंडा बंडगरांनी आपल्या पिशवीतून एक डबी काढली आणि झाकण उघडून व्याह्यांपुढे धरली. आत कणकेत मळलेल्या पिवळसर गोळ्या होत्या आणि प्रत्येक गोळी पातळ फडक्याच्या चिंधीत बांधलेली होती. भाऊसोंनी वास घेतला आणि ते दचकले.

"ही तर अंडीच हायती!"

"व्हय. माशाचीच. आमच्याकडं गळाला लावत्यात. चिंधी बांधली म्हंजी पाण्यात लगीच सुटत न्हाईत. मिशावाला शिंगटा मासा हिच्यावर जीव टाकतो. आन् बसायच्या आधी जाग्यावर मूठभर अशीच पाण्यात सोडत्यात, मासं गोळा व्हायाला. त्येला आमी चारा टाकणं म्हणतो." एवढे बोलून गुंडा बंडगरांना हसू आवरेना. "इवाई, तुमी इतकी वरसं भंडारा लावून चारा टाकताय की वो!"

भाऊसोंचा चेहरा उतरला. "म्हंजी माझं पुण्य आन् तुमचा चारा एकच व्हय? पाव्हणं, त्यातनं पिल्ली हुत्यात. सोडतो म्हणून तर मासं हायती तलावात."

"मासं हायती, कारण ठेकेदार दरसाल टेम्पोतनं माशांचं बी आणून सोडतो. बघितलंय का न्हाई तुमी?"

"बघितलंय."

"मग? रोहू काय तळ्यात अंडी घालतोय? त्येला वाहतं पाणी लागतंय. आन् तुमच्या भंडाऱ्यानं पिल्ली झाली असती, तर त्या ठेकेदारानं बी आणलं असतं व्हय? तुमच्याच दारात येऊन नारळ फोडला असता!"

"पर पोटात अंडी हायती म्हंजी मादी गाभणच की!"

आता गुंडा बंडगर हसायचे थांबले. समोरचा माणूस मेंढपाळ आहे, त्याला मेंढपाळाच्या भाषेतच सांगितले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

"इवाई, माशात मादी अंडी भायेर सोडती. मग नर येतो, त्येच्यावर आपलं पाणी सोडतो, तवा कुठं त्यात जीव पडतो. पोटात हायती तवर ती नुसती अंडी. मला सांगा, मेंढा दावल्याबिगर तुमच्या कळपात कंची मेंढी व्याली हाय?"

भाऊसो उठले. त्यांनी गळ गुंडाळला. रात्री जेवताना त्यांनी माशाच्या ताटाकडे पाहिले नाही. गुंडा बंडगरांना वाटले, आपण थट्टा जरा जास्त केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भाऊसो एकटेच तलावावर गेले. दैवाने म्हणा की मोसमाने म्हणा, त्या सकाळीही अंड्यांवर आलेली मादीच गळाला लागली. भाऊसोंनी अंड्यांची एक पिशवी पटक्याच्या टोकात बांधून ठेवली. दुसरी फोडून रुईच्या पानावर पसरली, भंडारा टाकला, परंतु ते पान नेहमीप्रमाणे खोल पाण्यात न सोडता काठाच्या घोटाभर नितळ पाण्यात एका दगडाखाली अडकवून ठेवले. स्वतः मात्र गळ बाजूस ठेवून उकिडवे बसले. इतक्या वर्षांत त्यांनी पुण्य केले होते, परंतु पुण्याचे पुढे काय होते हे कधी थांबून पाहिले नव्हते.

प्रथम बारीक बारीक मासळी आली, मोहरीएवढ्या डोळ्यांची. एकीने टोचून पाहिले, दुसरीने ओढून पाहिले, आणि मग जत्रेत प्रसादाला होते तशी झुंबड उडाली. तेवढ्यात खालून एक काळा शिंगटा मिशा हलवीत आला. बारकी मासळी बाजूला झाली. शिंगट्याने दोन घासांत पान साफ केले, पानाला चिकटलेला शेवटचा दाणाही तोंड वाकडे करून काढून घेतला आणि आल्या वाटेने निघून गेला. मागे रुईचे पान राहिले आणि पानावर थोडा भंडारा.

भाऊसोंनी ते रिकामे पान उचलले. जणू ज्या कोकरांना ते बाटलीने दूध पाजत होते ती सगळी लांडग्याची निघाली! ज्याला ते आजवर दान समजत होते ती एक खानावळ होती, आणि रोजच्या जेवणाच्या वासाने येणारी गिऱ्हाइकेच ते पाटीत भरून नेत होते. त्यांना वाडीतील लोकांचे बोल आठवले, "बिरोबा सोता मासा लावून देतो." आणि त्या निर्जन काठावर भाऊसो मोटे एकाएकी मोठ्याने हसले. बाभळीवरचा खंड्या दचकून उडाला.

हसून झाल्यावर त्यांना एक विचार सुचला आणि तो अगदी सरळ होता. मेंढा दावल्याबिगर मेंढी गाभण नसते, हे त्यांना कोणी शिकवावयाची गरज नव्हती. तर मग या मादीला गाभण म्हणून तिच्यापायी नियम पाळणे, म्हणजे वांझ मेंढीसाठी सुईण बोलावणे. आणि शिंगट्याने ही अंडी खाल्ली तर पाण्याला राग येत नाही. मग घरातली पोर महिनाभर वास आठवून उपाशी का राहावी? भाऊसोंनी पटक्याचे टोक चाचपले. पिशवी जागेवर होती. दुखरे गुडघे विसरून ते बांध चढून आले.

घरी अपेक्षाची पिशवी भरून तयार होती. रंगुबाई ओटीच्या साहित्याची जुळवाजुळव करीत होत्या. भाऊसोंनी पटक्याची गाठ सोडली आणि पिवळी पिशवी सुनेसमोर धरली.

"पोरी, ह्ये कसं करायचं त्ये सांग. आमाला ठावं न्हाई."

अपेक्षा त्या पिशवीकडे पाहतच राहिली. मग तिने सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिले. "मामा, नियम?"

"नियम हाय तसाच हाय," भाऊसो गंभीरपणे म्हणाले. "गाभण जनावर कापायचं न्हाई. ही गाभण न्हाई. मी चवकशी करून आलोय."

"कुणाकडं चवकशी केली वो?" रंगुबाईंनी विचारले.

"शिंगट्याकडं."

गुंडा बंडगर तोंडावर टॉवेल धरून मागे वळले.

मटण शिजवायच्या बाहेरच्या तीन दगडांवर तवा चढला. रंगुबाईंना इतका आनंद झाला होता की सुनेची वाट न पाहता त्यांनी तेल तापवले आणि पिशवीचा एक मोठा तुकडा तसाच कच्चा त्यात सोडला. पुढच्या क्षणी तव्यावर दिवाळी सुरू झाली. ताड ताड आवाज करीत दाणे चहूकडे उडू लागले. एक भाऊसोंच्या मिशीत बसला, एक गुंडा बंडगरांच्या टोपीवर. शेळ्या दावे तोडायला बघू लागल्या.

"आगं बया बया!" रंगुबाई पदर तोंडावर घेऊन मागे सरल्या. "मेल्यावरबी उड्या मारतंय की!"

"बघा इवाई, मी म्हणत हुतो न्हवं, जिती हायती!" भाऊसो ओरडले.

"जितीच! आता धरा पळून, न्हाईतर परत तलावात जात्याल!"

अपेक्षा इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. कित्येक दिवसांत त्या अंगणात तिचे हसू ऐकू आले नव्हते. मग ती पाटावर बसली आणि सूत्रे तिने आपल्या हाती घेतली. "आत्या, आदी उकडायची असती. पडदा फाडायचा न्हाई. हळद-मीठ घातलेल्या पाण्यात हळूच सोडायची, घट झाली की काढून गार करायची, मग वड्या पाडायच्या. म्हंजी उडत न्हाई." उरलेली अंडी तशीच उकडली गेली आणि त्यांच्या जाडसर वड्या पडल्या. तेलात ठेचलेला लसूण तांबूस झाला, कांदा पडला, घरच्या कांदा-लसणाच्या चटणीचा खमंग ठसका साऱ्या अंगणात पसरला आणि त्यात वड्या दोन्ही बाजूंनी परतल्या गेल्या. वरून कोथिंबीर.

रंगुबाईंनी बाजरीची गरम भाकरी पुढे ठेवली. अपेक्षाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तिघेही वडीलधारे तिच्याकडे पाहत बसले. तिने दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. अर्धी भाकरी संपली तरी ती उठेना, गोठ्याकडे बघेना. पूर्ण भाकरी संपली.

"आजून टाकू?" रंगुबाईंनी घाबरत घाबरत विचारले.

"टाका की, आत्या," अपेक्षा बोट चाटत म्हणाली. "चतकोर न्हाई, अर्धी."

भाऊसोंनी मिशीवरून हात फिरवला, तेव्हा तो अडकलेला दाणा त्यांच्या बोटाला लागला. त्यांनी तो जिभेवर ठेवला. जरा विचार केला. मग ताटातील एक वडी उचलून खाल्ली.

"कसं लागतंय, मामा?" अपेक्षाने विचारले.

"राळ्याच्या भातागत," भाऊसो म्हणाले. "लय दिसांनी राळा खाल्ला." आणि त्यांनी आणखी एक वडी घेतली.

"इवाई, त्यो डोहाळा पोरीचा हाय, तुमचा न्हवं!" गुंडा बंडगर म्हणाले.

दुपारी ओटी भरून सगळे फाट्यावर आले. एसटी येईपर्यंत चिंचेच्या सावलीत उभे राहिले असता गुंडा बंडगरांनी आपली गोळ्यांची डबी भाऊसोंच्या हातात दिली. "ठेवा. चिंधी पातळ बांधा." अपेक्षा पाया पडू लागली तेव्हा भाऊसोंनी तिला मध्येच धरले. "वाकू नगस. आन् तिकडं जाऊन आयला सांग, डोहाळा सासरातच पुरवलाय. चटणी रंगीची हुती."

"सांगते, मामा. आन् तवा कुणी पेटवला त्येबी सांगते."

रंगुबाईंनी तिला लटक्या रागाने चापटी मारली, आणि एसटी आली.

यथावकाश अपेक्षास कन्यारत्न झाले. तिचे नाव सोनिया ठेवले. त्या बाळाच्या तोंडातून लाळ गळते का, असे कोणी विचारील, तर गळते. परंतु दात येताना ती सर्वच बाळांची गळते, असा रंगुबाईंचा निर्वाळा आहे. ती पुसण्यासाठी घोंगडे वापरले जाते की पदर, हे ज्याने त्याने जाऊन पाहावे.

भाऊसोंचा नियम आजही चालू आहे, फक्त त्याची जागा बदलली आहे. पावसात ओढे वाहू लागले आणि मासे पाण्याच्या उलट चढू लागले, की ते गळ आढ्याला अडकवून ठेवतात. "आता नर-मादी संगं हायती. आता हात लावायचा न्हाई," असे ते वाडीतील पोरांनाही बजावतात. एरवी गाभोळी निघाली की तिचे दोन भाग होतात. मोठा तव्याकडे जातो. लहान रुईच्या पानावर बसून पाण्याकडे जातो, आणि त्यावर भंडारा पूर्वीप्रमाणेच पडतो.

"आता भंडारा कशाला, इवाई?" गुंडा बंडगरांनी पुढल्या खेपेस विचारले.

"हळदीबिगर कालवण केलंय का कधी तुमी?" भाऊसो म्हणाले, आणि पाण्याकडे पाहून त्यांनी हाक दिली, "या रं गड्यांनो, जेवा."

येथे ही कथा पूर्ण झाली. माझे शिक्षण फार नाही, तरी जे पाहिले आणि जेवलो ते शक्य तितक्या शुद्ध भाषेत मांडण्याचा प्रयत्न केला आहे. चुकले-माकले असल्यास लहान भावाचे समजून पोटात घालावे. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून येथवर सोबत केलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
कृष्णात सयाजी गळवे
मुक्काम हिंगणवाडी